सासूबाईंचा चरखा

“अगं, चरखा सुरू झाला बघ!”

उन्हाळ्यात रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या दिवाणखान्यातून ही हाक यायची. साताऱ्यात रात्री आठला लागणारी मालिका सासूबाई इथे ओहायोत त्याच वेळी इंटरनेटवर बघायच्या. ऐन रंगात चित्र थिजायचं आणि पडद्यावर ते गोल चाक गरगरायला लागायचं. त्यालाच त्यांनी नाव ठेवलं होतं, चरखा!

सासरे गेल्यावर, 2022 साली, आम्ही त्यांना इकडे आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, गाडी चालवता येत नाही, इंग्रजी बेताचं. त्यात आमचं घर कोलंबसपासून तासभर लांब, मक्याच्या शेतांत. दिवसभरात त्यांना मराठी बोलणारं माणूस भेटायचं ते टीव्हीवरच. आपण ग्रोसरीच्या दुकानातून झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटी आणून नाटकं पाहिलेली माणसं. “एवढं तरी दिसतंय ना, आई!” असं मी म्हणायची.

दुखणं तारेचं होतं. आमच्याकडे इंटरनेट येतं ते टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून. स्वच्छ चित्र दिसायला सेकंदाला साधारण पाच मेगाबिट लागतात. आम्हाला मिळतात जेमतेम सहा, आणि बिल सत्तर डॉलर. ह्यांची घरून मीटिंग सुरू झाली की दोघांपैकी एकाचा चरखा ठरलेला. तिकडे साताऱ्यात दिराकडे महिना सहाशे रुपयांत फायबर! कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, तुमच्या रस्त्यावर घरं विरळ, नवी केबल टाकणं परवडत नाही.

मग एक दिवस लक्षात आलं, हाका बंद झाल्यात. “आई, मालिका नाही बघत?” “कंटाळा आला गं. तेच तेच दाखवतात.” मला खरंच वाटलं. पंधरा दिवसांनी त्यांना फोनवर बहिणीला सांगताना ऐकलं, “माझ्या टीव्हीपायी त्याच्या ऑफिसचं काम अडतं. मीच बंद केला.” काळजात चर्र झालं.

शेजारच्या आजीबाईंची गतही तीच. त्यांना सरकारी योजनेतून इंटरनेटच्या बिलात महिना तीस डॉलर सूट मिळायची. 2024 साली पैसा संपला, योजना बंद पडली. दोन कोटींहून जास्त कुटुंबांची सूट गेली. आजीबाईंनी कनेक्शनच काढून टाकलं. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला त्या आता आमच्याकडे येतात. तेवढा वेळ आम्ही सगळे आपापले फोन बंद करून सत्यनारायणाला बसल्यासारखे गप्प बसतो.

त्याच एकदा म्हणाल्या, “माझ्या आईच्या लहानपणी इथे वीजसुद्धा नव्हती.” तेव्हाही कंपन्यांना खेडी परवडत नव्हती. 1935 साली सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं आणि त्याच्या कर्जावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी गावोगाव वीज नेली. आमची वीज आजही अशाच संस्थेची. अशा कित्येक संस्था आता विजेच्या खांबांवरूनच फायबर नेतात. टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात तर तिथल्या सार्वजनिक वीज मंडळानेच 2010 साली घरोघर एक गिगाबिटची सोय केली.

हे ऐकलं आणि मला प्रवरानगर आठवलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून साखर कारखाना उभा केला, तो मुलूख आपला. सहकार आपल्याला कुणी शिकवायला हवा का?

वीजसंस्थेच्या वार्षिक सभेला आजवर आम्ही कधी फिरकलो नव्हतो. या वेळी आजीबाई आणि मी गेलो. प्रत्येक सभासदाला एक मत. पाय लटपटत होते, पण उभी राहिले आणि सासूबाईंच्या चरख्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. मग एकेक जण उठून आपापलं गाऱ्हाणं मांडू लागला. कुणाच्या मुलाचा अभ्यास, कुणाचा धंदा. संचालकांनी आमच्या भागाची पाहणी करायचं कबूल केलं आहे.

फायबर अजून आलेलं नाही. तोवर मीटिंग असली की हे लॅपटॉप घेऊन गावच्या लायब्ररीत जातात. सासूबाईंना सांगितलंय, “आई, साडेदहा ते अकरा तार तुमची.”

तुम्हीही आमच्यासारखे गावाबाहेर राहत असाल, तर विजेचं बिल एकदा नीट वाचा. संस्था सहकारी असेल तर तुम्ही नुसते गिऱ्हाईक नाही, मालक आहात. सभेला जरूर जा.