चार्ज न होणारी एकचाकी

काही महिने पडून राहिलेली पुतण्याची इलेक्ट्रिक युनिसायकल, म्हणजे विजेवरची एकचाकी, चार्ज होईना. तेव्हा रुग्ण तपासावा त्याच क्रमाने आम्ही ती तपासली: आधी भिंतीवरचा सॉकेट, मग चार्जरचा दिवा, मग पोर्टमधील धूळ आणि वाकलेली पिन. सारे ठीक निघाले. दोष आत होता. तिथेच आम्ही थांबलो.

सेल अतिशय उतरले, तर लिथियम बॅटरीतील संरक्षक सर्किट अनेकदा चार्जिंगच नाकारते. ताप जशी आजाराची सूचना देतो, तसाच हा नकार. सर्किट वगळून बळेच चार्ज केल्यास आग लागू शकते. तिच्या धुरातील हायड्रोजन फ्लोराइड फुफ्फुसांना इजा करतो. असे वाहन जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे. आणि चांगली बॅटरीही झोपण्याच्या खोलीत किंवा घराबाहेर पडण्याच्या वाटेवर चार्ज करू नये.