थोमाचे आठ दिवस

शेजारच्या काकू दरवर्षी कार्तिकीला पंढरपूरला जातात आणि आल्या की आधी आमच्याकडे चुरमुऱ्यांचा प्रसाद देतात. गेल्या खेपेला म्हणाल्या, "दहा तास दर्शनबारीत उभी होते गं, पण पायांवर डोकं ठेवलं आणि सगळा शीण गेला." मग एकदम विचारलं, "तुमच्या चर्चमध्ये बघायला काय असतं?"

मी म्हटलं, "काही नाही. भिंत, आणि भिंतीवर लाकडी क्रूस."

"अगंबाई! मग दर्शन?"

त्यात खोच नव्हती. मला तर प्रश्न आवडलाच. आपल्याकडच्या भक्तीत डोळ्यांना केवढा मान आहे बघा ना. पदस्पर्श नाही तर मुखदर्शन, तेही नाही जमलं तर लांबून कळसाला हात जोडायचे. पण काहीतरी दिसलं पाहिजे. आम्ही मराठी ख्रिस्ती याच मातीतले, आणि आमच्या वाट्याला मात्र न दिसणारा देव. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली. तुकोबा मनात इतके मुरलेले की ख्रिस्ताची भजनंही ते अभंगाच्याच चालीत लिहू लागले. आमच्या 'उपासना संगीता'त ती अजून गातो आम्ही. भाषा सगळी भेटीच्या ओढीची, आणि समोर रिकामी भिंत!

काकूंना उत्तर देताना मला थोमा आठवला. येशूच्या बारा शिष्यांतला हा एक. येशू मरणातून उठल्यावर बाकीच्यांना भेटला तेव्हा हा नेमका तिथे नव्हता. सगळे सांगू लागले, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणाला, खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. तेव्हापासून बिचाऱ्याच्या कपाळी 'संशयी' हा शिक्का बसला तो बसलाच. खरं तर याच थोमाने, योहानाच्या अकराव्या अध्यायात, येशूबरोबर मरायला चला म्हणून बाकीच्यांना हाक दिलेली आहे. ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझे पपा नगरला (आता अहिल्यानगर) मराठीचे मास्तर होते. निवृत्तीनंतर संडे स्कूल घेत. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. त्या खुर्चीतच ते रविवारच्या पाठाची तयारी करत. एकदा मला म्हणाले, "हे बघ, थोमाने बोट घातलं असं इथे कुठे लिहिलंय?" मी वाचलं. खरंच नाही! येशू म्हणतो, घे, बघ, हात लाव. आणि थोमा थेट त्याला आपला प्रभू, आपला देव म्हणून मोकळा होतो. बोट घातलं ते चित्रकारांनी. काराव्हाज्जोने तर असं घातलंय की बघवत नाही. त्यानंतर येशू म्हणतो की न पाहता विश्वास ठेवणारे धन्य.

पण पपांना आवडायचे ते मधले आठ दिवस. थोमा 'मानणार नाही' म्हणाला आणि आठ दिवसांनी येशू पुन्हा आला तेव्हा तो त्याच घरात, त्याच लोकांत होता. त्याला कुणी बाहेर काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. आठ दिवस ते काय बोलले असतील, एकत्र जेवले असतील का, योहान एक अक्षर सांगत नाही. पपा म्हणायचे, "मला त्या आठ दिवसांवर एक पाठ घ्यायचाय." तो राहिलाच.

त्यांच्या आजारात मंडळीने खूप प्रार्थना केली. दर गुरुवारी आमच्या घरी सतरंजी अंथरलेली असायची. एका पाहुण्या प्रचारकाने मात्र आईला ऐकवलं की घरात विश्वास पुरेसा असता तर गुण दिसला असता. आई चहा ठेवायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. पपांना हे कळलं तेव्हा ते हसले, आणि पथ्यात नसलेलं शहाळं मागितलं! मिळालं नाही अर्थात. गुण दिसला नाही. २०११च्या पावसाळ्यात पपा गेले.

पेत्राच्या नावाचं पहिलं पत्र मी त्यानंतर नीट वाचलं. आजच्या तुर्कस्तानात पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना ते लिहिलंय, म्हणजे ज्यांनी येशूला कधी पाहिलं नव्हतं अशांना. ज्याने तीन वर्षं पाहिलं तो त्यांना म्हणतो की तुम्ही न बघता त्याच्यावर प्रीती करता आणि शब्दांत न मावणाऱ्या आनंदाने उल्लासता. मला त्यात थोडा हेवा ऐकू येतो. पाहून पेत्राचं तरी काय झालं होतं? पहाटे कोंबडा आरवेपर्यंत तीनदा ओळख नाकारली. यहूदानेही पाहिलंच होतं की! आणि दुसरी गोष्ट, तिथे आनंदाच्या शेजारीच दुःख आहे. तुम्ही दुःखात आहात, आणि आनंदही करता. आधी हे संपेल मग ते येईल, असं नाही.

हे वाचून लगेच काही झालं असं मात्र नाही हं. पपा गेल्यावर मी उपासनेला जायचे, पण तोंड उघडायचं नाही. विश्वास आहे की नाही, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसायच्या, त्या आपलं पुस्तक उघडून निम्मं माझ्या बाजूला सरकवायच्या आणि स्वतः वर न बघता गात राहायच्या. पाळकांनीही कधी हटकलं नाही. माझे आठ दिवस सुमारे दीड वर्ष चालले.

मग एका रविवारी, पुनरुत्थान दिन नाही, नाताळ नाही, असाच कुठला तरी रविवार, टिळकांचं एक गीत चाललं होतं. दुसऱ्या कडव्यात लक्षात आलं की मी गातेय. बरं वाटत होतं का? नाही, पपांची आठवण येऊन घसा भरला होता. आणि तरी आतून काहीतरी इतकं उसळत होतं की मला हसू फुटेल असं वाटलं. समोर तीच भिंत होती, चुना थोडा पोपडे धरलेला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त पान उलटताना माझं बोट मध्ये येत होतं, ते बाजूला केलं.