जुनी फिल्म आणलीत का?

खुब्याचा सांधा बदललेला पेशंट एक्स-रेला आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुनी फिल्म आणलीत का? पुष्कळांना तो सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा वाटतो. ‘बसून उठलं की पहिली चार पावलं जड जातात, मांडीत कळ येते, मग चालतं’ अशी तक्रार ऐकली की सांधा सैल झाल्याची शंका मला येते. पण एकट्या फिल्मवर ती सिद्ध करणं बहुतेक वेळा अवघड.

सांधा बसवताना वापरलेलं सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये फिल्मवर बारीक काळी रेघ दिसते. दोन मिलिमीटरच्या आत असलेली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिलेली रेघ मी शांतपणे सोडून देतो. तीच रुंदावत गेली, मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याभोवती फिरली, की मात्र सोडत नाही. म्हणून ती नेमकी कुठे आहे हे लिहावं लागतं. कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीभोवतीचे तीन भाग डिली आणि चार्नली या सर्जननी १९७६ मध्ये पाडले, दांड्याभोवतीचे सात ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये. आजही रिपोर्ट त्याच आकड्यांत बोलतात.

दांडा खाली खचलाय का, हे पाहणं जास्त किचकट. पाय जरा बाहेर वळला तरी मोजमाप हलतं. शिवाय नुसत्या कमरेच्या फिल्मवर दांड्याचं टोकच कापलं जातं. अशी फिल्म मी परत काढायला लावतो. दोन फिल्मचा आकार वेगळा असला तर दांड्याच्या वरच्या टोकावरचा, वाटीत बसणारा धातूचा गोळा कामी येतो. तो, समजा, अठ्ठावीस मिलिमीटरचा आहे हे माहीत असलं की बाकीचं त्याच्या प्रमाणात मोजता येतं.

‘बोन स्कॅनच करून टाका ना!’ असं नातेवाईक म्हणतात. पण ऑपरेशननंतर वर्षभर, बिनसिमेंटच्या सांध्यात त्याहूनही जास्त काळ, तिथलं हाड स्कॅनवर उजळतंच. शिवाय उजळलं ते सैलपणामुळे की जंतुसंसर्गामुळे, हे त्या एका स्कॅनवरून ठरत नाही. त्यासाठी रक्त आणि सांध्यातलं पाणी तपासावं लागतं. सांध्याची हालचाल थेट मोजायची, तर स्वीडनमधल्या लुंडचे संशोधक सेल्विक यांनी हाडात टँटलमचे बारीक मणी ठेवून मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचाल मोजायची पद्धत काढली. तिथेही आधीचं चित्र लागतंच.

तेव्हा ऑपरेशननंतरची पहिली फिल्म, सीडी असेल तर तीही, आणि गोळ्याचा आकार लिहिलेलं इम्प्लांटचं स्टिकर जपून ठेवा. मोबाइलवरचा फोटो काहीच नसण्यापेक्षा बरा, पण मूळ फिल्म फेकू नका.