मानाच्या यादीतलं माहेरचं नाव



माझी पुतणी अमेरिकेत शिकते. गेल्या महिन्यात तिला तिथल्या विद्यापीठातल्या एका ऑनर सोसायटीचं सभासद होण्याचं आमंत्रण आलं. अभ्यासात वरच्या क्रमांकावर असणाऱ्या मुलामुलींना निवडून सभासद करून घेणारी ही संस्था. कॉलेजा-कॉलेजात तिची शाखा असते, तिला तिकडे चॅप्टर म्हणतात. आमंत्रणासोबत एक छोटा अर्ज होता आणि त्यात प्रश्न होता, घरात याआधी कोणाला शिक्षणात असा मान मिळाला आहे का? तिने फोन करून मला विचारलं, "काकू, आपल्याकडे कोणी होतं का गं?"

मी लगेच "नाही" म्हणणार होते. पण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला बसून मेथी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "होतं ना. मीच."

आईंचं वय आज ८२. लग्नाआधी त्या बी. ए. झाल्या आणि मराठीत कॉलेजात पहिल्या आल्या, एवढं आम्हाला उडत उडत ठाऊक होतं. पण पुरावा काय? बक्षिसाची पुस्तकं माहेरी राहिली आणि ते घर विकताना रद्दीत गेली. प्रमाणपत्र एका पावसाळ्यात भिजलं. मग पुतणीने आणि मी ठरवलं, कॉलेजच्या दप्तरात शोधायचं. आणि शोधता शोधता या मानाच्या याद्यांचा इतिहासही वाचत गेले. त्यातलं जे मनाला लागलं, ते तुम्हाला सांगते.

अमेरिकेतली सगळ्यात जुनी अशी संस्था म्हणजे फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी ती काढली. सुरुवातीला ती गुप्त होती. खूण ठरलेली, हस्तांदोलनाची पद्धत ठरलेली. पण एक गोष्ट त्या पोरांनी फार नेकीने केली. प्रत्येक सभेचा वृत्तांत लिहून ठेवला. १७८१ मध्ये इंग्रजांचं सैन्य जवळ आलं, कॉलेज बंद पडायची वेळ आली, तेव्हा कागदपत्रं मोहोरबंद करून त्यांनी कॉलेजच्या कारभाऱ्याकडे सोपवली. मूळ शाखा तिथेच थांबली. तरी संस्था जगली, कारण त्याआधीच येल आणि हार्वर्डला शाखा काढायची परवानगी त्यांनी देऊन ठेवली होती. घरची वाण शेजारणीला दिलेली असली की आपली संपली तरी बियाणं मिळतं, तसंच हे.

पण त्या वह्यांत पहिली जवळजवळ शंभर वर्षं एकाही बाईचं नाव नाही. १८७५ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने पहिल्यांदा दोन मुलींना सभासद करून घेतलं, लिडा मेसन आणि एलेन हॅमिल्टन. त्याआधी हुशार मुली नव्हत्या असं थोडंच आहे? दार उघडं नव्हतं, म्हणून नोंद नव्हती.

आपल्याकडे काय होतं? मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिथे गुण बघून निवड नव्हती. निबंध वाचायचे, चर्चा करायची, असं तिचं काम. तिच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. दादाभाई नौरोजी तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे होते आणि या मंडळींत पुढे होते.

सोसायटीत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला. आपल्यासारखे असते तर टाळ्या वाजवून, चहा पिऊन घरी गेले असते! पण या मुलांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळाच सुरू केल्या. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आदल्याच वर्षी, १८४८ मध्ये, भिडेवाड्यात शाळा काढली होती. मुंबईत हे तरुण सकाळी आपापल्या कामावर जायच्या आधी, पगार न घेता स्वतः वर्ग घ्यायचे. मुली मिळाव्यात म्हणून घरोघरी फिरायचे. दादाभाईंनी पुढे सांगितलं आहे की काही बापांनी त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली होती.

मला वाटतं, मानाच्या नोंदीला खरी किंमत इथे येते. कोणाला किती मार्क पडले, यापेक्षा त्या हुशारीचं पुढे काय केलं, हे तिथे लिहिलेलं सापडतं. आज आपण दादाभाईंचं नाव घेतो. पण पहिल्या दिवशी पाटी घेऊन येऊन बसलेल्या त्या चिमुरड्यांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का?

आणि नाव असलं तरी ते कोणतं? हा प्रश्न फक्त आपल्या बायकांनाच पडतो. आनंदीबाई जोशी यांचंच बघा ना. माहेरचं नाव यमुना. लग्नात त्या आनंदी झाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. त्या कॉलेजची कागदपत्रं आज तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाने जपली आहेत. त्यात आनंदीबाईंचं प्रवेशासाठीचं पत्र आहे, प्रबंध आहे, साडीतला तो प्रसिद्ध फोटो आहे. कॉलेजने जपलं म्हणून आपल्याला दिसलं. पण त्या कागदांवर यमुना शोधायला गेलात तर ती सापडणार नाही. आनंदीबाईंचं निदान शिक्षण लग्नानंतरचं, म्हणून नाव जुळलं. ज्यांचं शिक्षण लग्नाआधीचं, त्यांचं काय?

आमच्या आईंचं नेमकं हेच झालं होतं. त्यांचं माहेरचं नाव आणि आजचं नाव यांत एकही अक्षर सारखं नाही. आडनाव वेगळं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आणि तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव. आधार कार्डावरची बाई आणि कॉलेजच्या यादीतली मुलगी, या दोघी एकच आहेत हे सांगणारा एकही कागद घरात नव्हता. माहिती होती फक्त आईंच्या तोंडी.

कॉलेजच्या ग्रंथालयात जुने वार्षिकांक बांधून ठेवलेले होते. पानं बिस्किटासारखी तुटत होती. एका अंकात शेवटी 'पारितोषिक विजेते' अशी यादी, आणि त्यात मराठी विषयापुढे, "कुमारी" लावून, आईंचं माहेरचं पूर्ण नाव. मी मोबाइलवर फोटो काढला आणि घरी येऊन दाखवला. आईंनी चष्मा पुसला, पान मोठं करून बघितलं. मग म्हणाल्या, "साठ वर्षांत या नावाने मला कोणी हाक मारली नाही."

मैत्रिणींनो, त्या रडल्या नाहीत. रडले मी.

आपल्या धर्मात करणं, करवणं आणि अनुमोदना, तिघांनाही महत्त्व आहे. दुसऱ्याचे गुण पाहून आनंद होणं याला प्रमोदभाव म्हणतात. निकालानंतर आपण मुलांचा सत्कार करतो, तो याच भावाने. पण अनुमोदना करायला आधी ते माहीत तर असायला हवं! नोंदच नसेल तर सुना-नातवंडं कोणत्या गुणांची अनुमोदना करणार?

म्हणून आमच्या मंडळाच्या सत्काराच्या रजिस्टरात यंदापासून आम्ही रकाने वाढवले आहेत. आधी फक्त नाव, वर्ग आणि टक्के लिहायचो. आता मुलीच्या आईचं माहेरचं नावही लिहितो. दहा वर्षांनी पुन्हा विचारून लिहायला अर्धं पान कोरं सोडतो, पुढे काय शिकली, कोणाला शिकवलं, लग्नानंतर नाव बदललं का. एक प्रत मंडळाकडे, एक मंदिराच्या कपाटात. एकीला वाळवी लागली तर दुसरी राहील.

आणि शेवटची काही पानं आम्ही सासवांसाठी ठेवली आहेत. तुमच्याही घरात अशी एखादी असेल. भाजी निवडता निवडता विचारून बघा, "आई, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं? शाळेत कशात पुढे होतात?" जे सांगतील ते त्यांच्यासमोरच लिहून घ्या. तारखेसकट.