पाण्याचा हक्क मिळवला, आता पाण्याची ओळख हवी

जून २०२५ च्या अखेरीस आपल्या नाशकात, पंचवटीतील विडी कामगार नगर परिसरात तीन शाळकरी मुले बुडून मेली. ती नदीवर गेली नव्हती की धरणावर गेली नव्हती. बांधकामासाठी खोदलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठले होते, त्यात ती उतरली. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२४ मध्ये, नाशिकरोडच्या गोसावीवाडीतील एकाच नात्यागोत्यातले पाच जण इगतपुरीच्या भावली धरणात गेले. त्यातही बहुतेक शाळकरी वयाचीच मुले-मुली होती. सुट्टी होती, ऊन होते, सगळे हौसेने फिरायला गेले होते.

अशी बातमी आली की आपल्या वस्तीत दोन दिवस तीच चर्चा चालते. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. चर्चेचा शेवटही ठरलेला असतो. "हल्लीची पोरं ऐकतच नाहीत," असे म्हणून आपण मोकळे होतो. मी एका कचेरीत कारकून आहे. हिशेबाच्या वह्यांत वीस वर्षे गेल्यामुळे प्रत्येक गोष्ट जमा-खर्चाच्या बाजूने बघायची सवय लागली आहे. म्हणून मला असे वाटते की मुलांच्या नावावर दोष टाकण्याआधी आपण मोठ्यांनी आपली बाजू तपासावी. मुलाला आपण "पाण्याजवळ जाऊ नकोस" इतकेच सांगतो. पाणी कसे असते, त्यात काय होते, पडलो तर काय करायचे, हे त्याला कोण शिकवते?

याचे उत्तर शोधताना मला आपला इतिहास आठवतो. माझे आजोबा निफाड तालुक्यातले. गावातली इतर मुले विहिरीवर पोहायला शिकायची. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा हवाबंद डबा बांधून बाप पोराला पाण्यात सोडायचा, चार दिवसांत पोरगे हातपाय मारू लागायचे. आमच्या माणसांना त्या विहिरीचे पाणी शेंदायलाही बंदी होती, मग त्यात उतरून पोहणे दूरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या एका ओंजळीचा न्याय मुंबई उच्च न्यायालयात मिळायला १९३७ साल उजाडले. २ मार्च १९३० ला आपल्याच नाशकात काळाराम मंदिराचे दरवाजे बंद झाले तेव्हा सत्याग्रहींची मिरवणूक वळली आणि गोदावरीच्या घाटावर येऊन सभा झाली. ज्यांच्यासाठी पाण्याला हात लावणे हाच लढा होता, त्यांच्या घरात पोहण्याची विद्या पिढीजात कशी येणार? आमच्या घरात आजोबा, वडील, चुलते, कोणालाच पोहता येत नव्हते. हक्क मिळाला, पण ओळख राहून गेली. ती ओळख करून देणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

आणि नाशिक हे तर पाण्याचे शहर. मधोमध गोदावरी, वर गंगापूर धरण, बाजूने कालवे, सारूळकडे दगडखाणी. प्रत्येक पाण्याचा स्वभाव वेगळा असतो. कालव्याला दोन्ही बाजूंनी उतरते सिमेंट असते, त्यावर शेवाळ धरते. आत पडलेल्याला हात धरायला काही सापडत नाही, आणि वरून पाणी संथ दिसले तरी आत ओढ असते. खाणीला काठ असा नसतोच, पहिल्याच पावलाला पुरुषभर खोली लागते. धरणात गाळ असतो, पाय रुततो, आणि चार पावलांवर जमीन एकदम खाली जाते. गोदावरीत पाणवेली पायात गुंततात.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार असतो. धरणातून पाणी सोडले की अख्खे नाशिक पूर बघायला घाटावर जाते. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, ही आपली पूर मोजायची जुनी पट्टीच आहे. २ ऑगस्ट २०१६ चा आणि ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पाणी किती वेगाने चढते ते ठाऊक आहे. तरीही लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन पायरीवर उभे राहतात, तरणी पोरे पुलावरून उड्या मारतात आणि आपण टाळ्या वाजवतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरावर पाऊस झाला की खाली ओढ्याला अचानक लोंढा येतो, तो आधी सांगून येत नाही. पूर टीव्हीवर बघावा. घाटावर जायचेच असेल तर मुलांना घरी ठेवून जावे.

पण सगळ्यात जवळचे पाणी आपल्या घरातच असते. वस्तीत नळाला ठरावीक वेळेला पाणी येते, म्हणून प्रत्येक घरात पिंप, ड्रम, बादल्या, जमिनीतली टाकी भरून ठेवलेली असते. रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल बादलीत वाकले की डोक्याच्या वजनाने पुढे जाते आणि त्याला स्वतःहून मागे येता येत नाही. बादलीत वीतभर पाणी असले तरी जीव जायला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यातली चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालके होती. दहातले नऊ मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. म्हणजे हा धोका गरिबाच्या दारातच जास्त उभा आहे. ड्रमला झाकण, झाकणावर दगड, रिकामी बादली पालथी, टाकीच्या तोंडाला कडीकोयंडा, याला फारसा पैसा लागत नाही.

विडी कामगार नगरच्या घटनेनंतरच्या रविवारी आम्ही चार-पाच कार्यकर्ते आणि विहारातली काही तरुण मुले वही-पेन घेऊन आमच्या वस्तीभोवती फिरलो. जिथे जिथे उघडे पाणी दिसले ते लिहून काढले. दोन बांधकामांचे खड्डे, एक झाकण तुटलेली टाकी, एक बिनकठड्याची जुनी विहीर, आणि रस्त्याच्या कामासाठी खणून तसाच ठेवलेला एक चर, अशी पाच ठिकाणे अर्ध्या तासाच्या अंतरात सापडली. प्रत्येक ठिकाणापुढे कोणाची जागा, कोणाला सांगायचे, कोण सांगणार, असे तीन रकाने केले. एका बांधकामावरचा मुकादम म्हणाला, "भाऊ, पोरांना सांभाळायचं काम तुमचं." मी म्हटले, "बरोबर आहे. आमचं काम आम्ही करतो. खड्ड्याला पत्रे मारायचं काम तुमचं, ते तुम्ही करा." दोन वेळा जावे लागले, एकदा लेखी अर्ज द्यावा लागला, आणि पत्रे लागले. चर बुजायला मात्र महिना गेला. आता सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात जागोजागी खोदकाम निघाले आहे. प्रत्येक वस्तीने अशी वही करावी. अर्ज दोन प्रतींत लिहावा, एका प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच असलेला कागद कोणाला नाकारता येत नाही.

त्या फेरीत एका ताईंनी मला विचारले, "भाऊ, आम्ही दोघं कंपनीत. मे महिन्यात शाळा बंद. पोरगं दिवसभर कुठं असतं ते मला काय माहीत?" सातपूर-अंबडच्या पाळीवर जाणाऱ्या हजारो घरांचा हा प्रश्न आहे. त्याला उपदेश करून उपयोग नाही. आमच्या गल्लीत आम्ही अशी सोय केली की सुट्टीत दुपारी बारा ते चार विहाराचे दार उघडे ठेवायचे. एक निवृत्त काका आणि एक आजी आळीपाळीने बसतात. कॅरम, गोष्टींची पुस्तके, थंड पाण्याचा माठ आणि पंखा, एवढेच साहित्य. मुलांना गारवा आणि सोबत हवी असते. ती वस्तीत मिळाली तर ती खड्ड्याकडे कमी जातात. बांगलादेशात हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. तिथल्या खेड्यांत आई कामात असते त्या सकाळच्या वेळेत लहान मुलांना सांभाळणारी घरगुती पाळणाघरे चालवली, आणि मोठ्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून पोहायला शिकवले. बुडण्याचे मृत्यू त्याने कमी झाले. गरीब देशाला जमते ते आपल्या वस्तीलाही जमेल.

पोहण्याविषयी थोडे स्वतःचे सांगतो. मी पस्तिशी उलटल्यावर महापालिकेच्या तरण तलावावर नाव घातले. माझ्या बॅचमध्ये आठ-दहा वर्षांची पोरे, आणि मी एकटा टक्कल पडू लागलेला. पहिले तीन दिवस मास्तरांनी हातपाय मारायला शिकवलेच नाही. कठडा धरून तोंड पाण्यात घालायचे, श्वास सोडायचा, मग पाठीवर निजून नुसते तरंगायचे. ते म्हणत, "आधी तरंगा, मग पोहा." पाण्यात पडलेला माणूस घाबरून हात वर करतो, त्यामुळे खाली जातो. पाठीवर पडून नाक-तोंड वर ठेवता आले तर मदत येईपर्यंत वेळ मिळतो. हे सहा-सात वर्षांच्या मुलाला महिनाभरात येते. माझ्या मुलाला आणि मुलीला दोघांना मी त्याच तलावावर घातले. मुलीच्या वेळी घरातूनच कुरकुर झाली की पोरीला कशाला. पण धुणे धुवायला नदीवर जाते कोण, आणि पाय घसरलेल्या बहिणीला ओढायला धावते कोण? मुलीच असतात. बॅच कोणत्या, मुलींसाठी वेगळी वेळ आहे का, फीमध्ये सवलत आहे का, याची चौकशी चार पालकांनी मिळून करावी. एकट्याला उत्तर मिळत नाही, चौघांना मिळते. आणि मुलाला हेही बजावावे की तलावात पोहता येते म्हणून धरणात उतरायचा परवाना मिळाला असे होत नाही.

आता दोन गोष्टी प्रत्येक घरात पाठ व्हाव्यात. पहिली म्हणजे बुडणारा ओरडत नाही. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा होत नाही, कारण श्वासच पुरत नाही. डोके मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, आणि सगळे शांत. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडेच बघावे, मोबाईल खिशात ठेवावा. दुसरी गोष्ट म्हणजे वाचवायला उडी मारू नये. एकाला काढायला दुसरा जातो, बुडणारा त्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावर आडवे पडून काठी, दोर, साडी, ओढणी पुढे करावी, रिकामा बंद कॅन किंवा ट्यूब फेकावी, आणि मोठ्याने हाका मारून माणसे जमवावीत. मुलांना हे आवर्जून सांगावे, कारण मित्राच्या मायेपायी जीव देणारी मुलेच असतात.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये, मिठात पुरू नये. यात मोलाचा वेळ जातो. एकाने १०८ ला फोन करावा. मूल श्वास घेत नसेल तर पाठीवर निजवून मान थोडी मागे करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध जोराने ३० वेळा दाबावे, सेकंदाला साधारण दोनदा, परत २ श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबू नये. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होतो. हे वाचून येत नाही, हाताने करून बघावे लागते. अग्निशमन दलाच्या किंवा दवाखान्याच्या जाणकार माणसाला बोलावून शिकून घ्यावे.

यासाठी वेगळा कार्यक्रम शोधायला नको. आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावास सुरू होतो, रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला आईबाप, आजी, पोरे सगळी एकत्र बसतात. पावसाचे दिवस म्हणून भिक्खू एका जागी राहत, तेच दिवस पाणी चढण्याचेही असतात. २५ जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी बुडण्याचे मृत्यू टाळण्यासाठी ठरवलेला दिवस आहे. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ वाचनानंतर अर्धा तास यासाठी द्यावी. एक दोर, एक रिकामा कॅन, छाती दाबून दाखवायला एक उशी, आणि वस्तीच्या उघड्या पाण्याची वही, एवढे सामान पुरे. तो दोर आणि कॅन मग विहाराच्या दाराशीच खुंटीला टांगून ठेवावा, म्हणजे वेळ आली की शोधाशोध होणार नाही.

जयभीम!