पुस्तकं विकली, ऑटोकॅडचं काय?

डिग्री झाल्यावर पुस्तकं अप्पा बळवंत चौकात विकली. विकत घेतलेली प्रत आपलीच, कुणाची हरकत नसते. मग मावसभाऊ म्हणाला, "दादा, तुझं ऑटोकॅड दे ना." (मेकॅनिकल करून कोडिंगला लागलो होतो, पुण्यात नवल नाही.) पण विद्यार्थी लायसन्स म्हणजे वर्षभर वापरायची परवानगी, तीही फक्त माझ्या नावाची.

तो शिकत असता तर त्याला स्वतःचंच फुकट मिळालं असतं. तो हडपसरला कॉन्ट्रॅक्टरची ड्रॉइंग्ज करायचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ब वाचलं: बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद. वापर कमाईसाठी नसेल, तर कोर्ट दंडावर सोडू शकतं. त्याची तर कमाईच त्यावर. नाही म्हटलं. मावशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.