पडण्यापूर्वीचे बळ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या, त्यांत आमची पोफळीची वाडीही गेली. आणि ज्या वाडीत माझी आई पहाटेच्या शिंपण्यापासून दिवेलागणीपर्यंत सुपाऱ्या वेचीत, झापे ओढीत, गड्यांना हाका मारीत वावरत असे, ती नाहीशी झाल्यावर सत्तरी उलटलेल्या त्या देहाला करण्याजोगे काही उरले नाही. पंचनामे झाले, तलाठ्याच्या दप्तरी झाडांची नोंद झाली, नवी रोपेही लागली. परंतु पोफळीला फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात. आई ओटीवर बसून राहू लागली. जेवण हळूहळू पेजेवर आणि चहाबिस्किटांवर आले, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, न्हाणीपर्यंत जाताना भिंतीचा आधार लागू लागला. आमच्याकडे हे सारे वयाच्या खाती जमा होते.

पुढे एका पावसाळ्यात ती न्हाणीच्या पायरीवर पडली आणि खुब्याचे हाड मोडले. म्हसळा-माणगाव मार्गाने तिला पनवेलच्या इस्पितळात नेले, दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया होऊन हाडात रॉड बसला, आणि एक्स-रे पाहून शल्यविशारदांनी समाधान व्यक्त केले. शेजारच्या खाटेवर जीवना बंदराकडची एक कोळीण आजी होती: आईहून वयाने मोठी, मोड तोच, रॉडही तसाच. आदल्या आठवड्यापर्यंत ती डोईवर मासळीची पाटी घेऊन बाजारात जात होती. फिजिओथेरपिस्टने दोघींनाही उभे करू पाहिले, तेव्हा ती आजी कण्हत का होईना, वॉकर धरून उठली; माझ्या आईच्या हातांना मात्र स्वतःचा भार उचलवेना. त्या रात्री तिला भ्रम झाला. 'पाणी सोडा रे, पोफळी सुकताहेत,' असे ती कित्येक वर्षांपूर्वीच्या गड्यांना सांगत राहिली. पुढे अन्नावरची वासना गेली, छातीत कफ दाटला, आणि पक्का बसलेला रॉड अंथरुणातच पडून राहिला.

तेथील फिजिशियननी मला विचारले, "पडायच्या पंधरा दिवस आधी आई काय काय करत होत्या?" हा प्रश्न अनाठायी नव्हता. कॅनडातील केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जी जराक्षीणतेची श्रेणी प्रसिद्ध केली, तीत रुग्णाची पायरी खाटेवरच्या अवस्थेवरून न ठरविता आजारापूर्वीच्या सुमारे दोन आठवड्यांतील हालचालींवरून व परावलंबनावरून ठरवितात. त्याआधी २००१ मध्ये लिंडा फ्रीड यांनी पाच लक्षणे सांगितली होती: नकळत घटलेले वजन, सतत थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि उणावलेली हालचाल, त्यांपैकी तीन आढळली की देह क्षीण समजावा. आईच्या ठिकाणी पाचही होती.

मोडलेले हाड आणि शस्त्रक्रियेची जखम भरून काढण्याचा खर्च देह स्नायूंच्या शिलकेतून करतो, हे मला डॉक्टरांकडून समजले. निरोगी वृद्धांनाही दहा दिवस अंथरुणात ठेवल्यास पायांतील सुमारे एक किलो स्नायू झडतो, असे अमेरिकेतील एका प्रयोगात आढळले आहे. मग जिची शिल्लक आधीच संपली आहे, तिने काय खर्चावे? म्हणूनच केवळ वय विचारून भवितव्य सांगणे मला अन्यायाचे वाटते.

आई वाचली. मुगाचे दाट वरण, दही, अंडे यांची तजवीज केली, दिवसातून अनेकदा तिला खुर्चीतून उठवले-बसवले, आणि काही महिन्यांनी ती वॉकरने माजघरातून ओटीवर येऊ लागली. वाडीत उतरणे मात्र पुन्हा झाले नाही. कोळीण आजी, तिच्या मुलाने कळविले त्याप्रमाणे, दिवाळीपूर्वीच पुन्हा बाजारात बसू लागली होती.

आपल्या घरी वडीलधारे माणूस असेल, तर ते हातांचा टेका न घेता खुर्चीतून उठते का, त्याचे वजन घटते आहे का, हे आजच पाहावे, आणि शंका येताच पडण्याची वाट न पाहता आहार व व्यायाम यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.